एनके पेशी आणि त्यांच्या आतले लिपिड संदेश: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रोगप्रतिकारशक्तीबद्दल चार ओळी वाचल्या की ‘नॅचरल किलर’, म्हणजेच एनके, हे नाव भेटतंच. या पेशी कुणाला मारतात याची चर्चा खूप होते. पण मारायचं की सोडायचं, हा निर्णय पेशीच्या पडद्यातले चिमूटभर मेदरेणू कसा घडवतात, याकडे फारसं कुणी वळत नाही. त्याबद्दल पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. क्रमाने वाचलेत तर बरं. घाईत असाल तर शिप-१ नावाचं एन्झाइम काढून टाकण्याचा प्रश्न तेवढा वाचा, खरी गंमत तिथे आहे.

एनके पेशी म्हणजे नेमकं काय?

टी आणि बी पेशींच्या भावकीतल्या पांढऱ्या पेशी. रक्तातल्या लिम्फोसाइटपैकी (हे या सगळ्या भावकीचं नाव) साधारण ५ ते १५ टक्के. टी पेशी आपल्या जनुकांची काटछाट करून प्रत्येकी वेगळा ग्राही, म्हणजे बाहेरची खूण ओळखणारं प्रथिन, तयार करते. एनके पेशी त्या भानगडीत पडत नाही. तिच्याकडे जन्मतःच ठरलेले बरेच ग्राही असतात. त्यातले काही ‘मार’ म्हणतात, काही ‘थांब’ म्हणतात, आणि समोरच्या पेशीला हात लावल्यावर दोन्हींची बेरीज-वजाबाकी होते.

१९७५ साली स्टॉकहोममध्ये रॉल्फ किसलिंग, एव्हा क्लाइन आणि हान्स विगझेल यांनी, आणि त्याच सुमारास अमेरिकेत रोनाल्ड हर्बरमन यांनी एक गोष्ट पुढे आणली. कसलंही लसीकरण न केलेल्या उंदरांच्या पेशीसुद्धा कर्करोगाच्या गाठीच्या पेशी मारत होत्या. तोवर असं काही दिसलं की प्रयोगातली खोट समजून सोडून देत असत. ती खोट म्हणजेच या पेशी निघाल्या.

१९८६ साली क्लास कॅरे यांनी त्यामागचं तर्कशास्त्र मांडलं. निरोगी पेशी आपल्या अंगावर एमएचसी वर्ग-१ नावाचं ओळखपत्र मिरवते (माणसात त्यालाच एचएलए म्हणतात). विषाणू किंवा कर्करोग पुष्कळदा ते लपवतो, म्हणजे टी पेशींना पत्ता लागत नाही. एनके पेशी नेमकी अशा कागदपत्रं नसलेल्या पेशीला धरते.

लिपिड म्हणजे रक्ततपासणीतलं कोलेस्टेरॉलच ना?

नाही. लिपिड प्रोफाइलमध्ये मोजतात ते रक्तातून वाहणारे, साठवणीचे आणि वाहतुकीचे मेद. इथे विषय आहे पेशीपडद्याच्या आतल्या बाजूला रुतून बसलेल्या रेणूंचा. ते निरोप देण्याचं काम करतात, काही सेकंदांत बनतात आणि काही मिनिटांत मोडले जातात. कुठल्याही नेहमीच्या रिपोर्टवर ते दिसत नाहीत.

मग हे निरोप्ये लिपिड आहेत तरी कोणते?

मुख्य घराणं फॉस्फोइनोसिटाइडचं. रेणूच्या दोन मेदाम्लांच्या शेपट्या पडद्यात खोचलेल्या असतात आणि डोकं पेशीच्या आतल्या द्रवाकडे वळलेलं असतं. हे डोकं म्हणजे इनोसिटॉल, सहा कार्बनांचं एक कडं. त्या कड्याच्या ३, ४ आणि ५ या क्रमांकांच्या जागांवर फॉस्फेट लावता येतो आणि काढता येतो. तीन जागा, प्रत्येक ठिकाणी फॉस्फेट असेल किंवा नसेल, म्हणजे आठ शक्यता. एक कोरा मूळ रेणू सोडला तर उरतात सात रूपं, आणि पेशी ही सातही वापरते.

आपल्याला इथे तीन पुरतील. पहिलं, ४ आणि ५ वर फॉस्फेट असलेलं पिप-२, जे पडद्यात कायम थोडंफार असतंच. दुसरं, तिन्ही जागा भरलेलं पिप-३, जे शांत पेशीत जवळपास नसतं आणि ग्राही चेतवला की एकदम उगवतं. तिसरं, ३ आणि ४ वर फॉस्फेट असलेलं रूप. हे तिसरं भावंड बरीच वर्षं कचरा म्हणून दुर्लक्षित राहिलं. ते कचरा नव्हतं, पण त्याकडे नंतर येऊ.

पिप-३ची कल्पना भिंतीवरच्या खुंटीसारखी करा. खुंटी स्वतः काही करत नाही. पण ती उगवली की आतल्या द्रवात इकडेतिकडे फिरणारी एकेटी, पीडीके-१, टेक घराण्यातली कायनेजं (फॉस्फेट लावणारी एन्झाइमं) अशी प्रथिनं येऊन तिथे अडकतात. एका जागी आली की एकमेकांना चेतवतात. खुंटी मोडली की सगळी पुन्हा द्रवात विखुरतात. संदेश म्हणजे एवढंच: कोणती खुंटी, कुठे, आणि किती वेळ.

या सगळ्याचा शोध एका दमात लागलेला नाही. लोवेल आणि मेबल होकिन यांनी १९५३ मध्ये स्वादुपिंडाच्या चकत्यांवर काम करताना पाहिलं, की चेतना दिली की फॉस्फोलिपिडमधल्या फॉस्फेटची उलाढाल वाढते. पिप-२ फुटून निघणारा तुकडा पेशीतलं कॅल्शियम मोकळं करतो, हे मायकेल बेरिज आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये दाखवलं. आणि कड्याच्या ३ क्रमांकाच्या जागेवर फॉस्फेट लावणारं एन्झाइम असतं, हे लुईस कँटली यांच्या गटाने १९८८ मध्ये. तेच आजचं पीआय-३-कायनेज.

एनके पेशीने सावज धरलं की आत काय घडतं? जरा जवळून सांगा.

प्रयोगशाळेतलं ठरलेलं सावज घेऊ: के-५६२. रक्ताच्या कर्करोगाच्या एका रुग्णाच्या पेशींपासून वाढवलेला हा वंश. तिच्या अंगावर एचएलएचं ओळखपत्र जवळजवळ नसतंच, उलट तणावात असलेल्या पेशी दाखवतात तसली प्रथिनं असतात. एनकेसाठी आयती शिकार.

सूक्ष्मदर्शकाखाली एनके पेशी आधी सरपटत येते आणि के-५६२ला टेकते. क्षणभर वाटतं, ही पुढे निघून जाणार. मग ती टेकलेल्या बाजूने चपटी होते आणि तिथेच पसरते. या चपट्या जागेला प्रतिकार-संधी म्हणू. तिथे एनकेजी२डी नावाचा ग्राही सावजावरची तणावाची खूण पकडतो. माणसात या ग्राहीची जोडी डॅप-१० या छोट्या प्रथिनाशी असते. डॅप-१०च्या शेपटीत चार अमिनो आम्लांचा एक तुकडा आहे, टायरोसिन-आयसोल्यूसिन-अ‍ॅस्पॅराजिन-मेथिओनिन असा. त्यातल्या टायरोसिनवर फॉस्फेट बसला की पीआय-३-कायनेजला बसायला पाट मिळतो. ते येतं, शेजारच्या पिप-२वर तिसरा फॉस्फेट चढवतं, आणि संधीच्या जागी पिप-३च्या खुंट्या उगवतात.

त्याच वेळी पीएलसी-गॅमा हे दुसरं एन्झाइम उरलेल्या पिप-२ला चिरतं. त्याचे दोन तुकडे होतात. आयपी-३ हा तुकडा पडदा सोडून आत जातो आणि कॅल्शियमचा साठा उघडतो. डायअसिलग्लिसरॉल, ज्याला सगळे डॅग म्हणतात, तो पडद्यातच राहतो आणि प्रोटीन कायनेज-सी, ईआरके या वाटा जाग्या करतो. म्हणजे एकाच पिप-२वर दोघांचा डोळा: एकजण त्याला सजवून खुंटी करतो, दुसरा फोडून दोन निरोप काढतो.

आतली विषाची पुडकी, म्हणजे परफोरिन आणि ग्रँझाइमने भरलेले कण, एव्हाना पेशीभर विखुरलेले नसतात. ते आधी पेशीच्या सूक्ष्मनलिकांच्या केंद्राभोवती गोळा होतात. मग ते अख्खं केंद्रच संधीच्या दिशेने सरकतं. संधीपाशी अ‍ॅक्टिन या तंतूंची जाळी असते, तिच्या बारीक फटींतून कण पडद्याला भिडतात. कॅल्शियम चढलेलं असेल तर पडदे एकजीव होतात आणि पुडकी सावजाच्या अंगावर रिकामी होतात. परफोरिन भोकं पाडतं, ग्रँझाइम आत शिरतं, आणि के-५६२चा पडदा फुगे यावेत तसा फुगायला लागतो. एनके पेशी मात्र सुटून पुढच्या सावजाकडे जाते. एकच पेशी लागोपाठ अनेक सावजं मारू शकते.

कॅल्शियमचा दरवाजा नसला तर काय होतं, हे माणसात दिसलेलं आहे. स्टिम-१ किंवा ओराय-१ या जनुकांत दोष घेऊन जन्मलेल्या रुग्णांच्या एनके पेशी सावजाला धरतात, पण पुडकी रिकामी करू शकत नाहीत.

‘थांब’ म्हणणारे संदेश लिपिडपर्यंत कसे पोचतात?

दोन वाटांनी. केआयआरसारखे ग्राही समोरचं एचएलए ओळखतात आणि शिप-१शी गल्लत होईल अशा नावाच्या एसएचपी-१ला बोलावतात. ते प्रथिनांवरचे फॉस्फेट उतरवतं, म्हणजे खुंटी लागण्याआधीच काम थांबवतं. दुसरी वाट थेट लिपिडवर चालते. तिथे दोन एन्झाइमं महत्त्वाची आहेत.

पीटेन हे कड्यावरच्या ३ क्रमांकाचा फॉस्फेट काढतं. पिप-३ पुन्हा पिप-२ होतं, चक्र मागे फिरतं. शिप-१ हे मुख्यतः रक्तपेशींतलं एन्झाइम ५ क्रमांकाचा फॉस्फेट काढतं. त्यातून उरतं ते ३ आणि ४वालं रूप, तेच दुर्लक्षित भावंड. एकेटी या रूपालाही धरते. म्हणून शिप-१ला नुसता ब्रेक म्हणणं मला पटत नाही. ते एक निरोप पुसताना दुसरा लिहितं. तो दुसरा निरोप आयएनपीपी-४बी नावाचं तिसरं एन्झाइम पुढे पुसतं.

शिप-१ला बोलावणारे ग्राही बरेच आहेत. टिजिट हा कर्करोगाच्या गाठीत एनके पेशींना थंड करणारा ग्राही त्यांपैकी एक. प्रतिपिंड लावलेली पेशी ओळखणारा सीडी-१६ तर चक्क ‘मार’ म्हणणारा ग्राही आहे, तरी तोसुद्धा चेतला की थोड्या वेळापुरतं शिप-१ पडद्याजवळ ओढून घेतो. आपल्याच आवाजाची पट्टी आपणच खाली आणावी तसं.

मग शिप-१ काढून टाकलं तर एनके पेशी जास्त जहाल व्हायला हवी ना?

सगळ्यांना असंच वाटलं होतं. ब्रेक काढला की गाडी सुसाट जाणार, हे साधं गणित. उंदरांनी ते खोटं ठरवलं.

२००२ मध्ये विल्यम केर यांच्या गटाने शिप-१ नसलेल्या उंदरांच्या एनके पेशी तपासल्या. पहिली नवलाई ग्राहींच्या वाटपात होती. साधारणपणे प्रत्येक एनके पेशीवर ‘थांब’ ग्राहींचं वेगवेगळं मिश्रण असतं, एकीवर हे, दुसरीवर ते. या उंदरांत मात्र दोन विशिष्ट ‘थांब’ ग्राही असलेल्या पेशींचाच भरणा झाला होता, आणि ते दोन्ही ग्राही स्वतःचं काय किंवा परकं काय, कुठलंही एमएचसी ओळखून गप्प बसणारे. परिणाम असा, की मुळीच न जुळणारी परकी अस्थिमज्जा या उंदरांना दिली तरी त्यांनी ती नाकारली नाही. एरवी परकी अस्थिमज्जा ओळखून हुसकावणं हे एनके पेशींचं हातखंडा काम.

यावर शंका घेता येत होती, की शिप-१ तर सगळ्याच रक्तपेशींत असतं, मग दोष एनकेचाच कशावरून? म्हणून पुढे फक्त एनके पेशींतूनच शिप-१ काढलेले उंदीर तयार केले. २०१५ मध्ये आलेलं उत्तर तेच होतं. दोष पेशीच्या आतलाच. या पेशी मंद निघाल्या, ओळखपत्र नसलेल्या पेशींनाही त्या नीट हुसकावू शकल्या नाहीत.

याचा अर्थ मी असा लावते: ज्या पेशीच्या आत ‘मार, मार’ हा घोष अखंड चालू असतो, ती कोडगी होते. सतत ओरडा खाणाऱ्या पोराला जसं कशाचंच काही वाटेनासं होतं, तसं. पेशी आपल्या संवेदनेचा उंबरठा वर नेते आणि खरी वेळ आली की हलत नाही. पिप-३ किती आहे याला महत्त्व आहेच. पण शांततेत किती आणि गरजेला किती, या दोन पातळ्यांतलं अंतर जास्त महत्त्वाचं. शिप-१ ते अंतर राखतं.

एनके पेशींचं ‘शिक्षण’ म्हणतात ते हेच का?

त्याच्याशी जोडलेलं आहे. नाव जरा फसवं आहे, शाळा वगैरे कुठे नसते. वाढीच्या काळात ज्या एनके पेशीचा ‘थांब’ ग्राही आपल्याच शरीरातल्या एमएचसीला नियमित भेटतो, ती पुढे जास्त तत्पर होते. ज्या पेशीला असा कुणी भेटतच नाही, ती सुस्त राहते. सुस्त राहणं सोयीचंच, कारण ‘थांब’ म्हणणारा ग्राही नसलेली तत्पर पेशी घरच्यांवरच तुटून पडेल. वरकरणी उलटं वाटतं: ज्याला रोज आवरलं जातं तोच तयार, आणि ज्याला कधीच आवरलं नाही तो निकामी. पण शिप-१च्या उंदरांनंतर हे तितकंसं विचित्र वाटत नाही. अधूनमधून लागणारा ब्रेक पेशीला ताजी ठेवतो.

माणसात पीआय-३-कायनेज कायम चालू राहिलं तर?

असे रुग्ण आहेत. पीआय-३-कायनेजचे चार मुख्य प्रकार, त्यातले डेल्टा आणि गॅमा पांढऱ्या पेशींत जास्त कामाचे. डेल्टा प्रकारचं जनुक बिघडून एन्झाइम सतत चालू राहण्याचा आनुवंशिक आजार २०१३ मध्ये वर्णिला गेला. त्याला थोडक्यात एपीडीएस म्हणतात. या रुग्णांना श्वसनमार्गाचे संसर्ग वारंवार होतात, लसिका गाठी सुजतात, आणि हर्पिस घराण्यातले विषाणू, विशेषतः एपस्टीन-बार आणि सायटोमेगॅलो, त्यांना छळतात. या विषाणूंना आवरणं हे एनके पेशींचं खास काम. रुग्णांच्या एनके पेशी तपासल्या तेव्हा त्यांची मारकशक्ती कमी आढळली. उंदीर आणि माणूस इथे एकच सांगतात.

उलट टोकही वाईटच. ज्या उंदरांत डेल्टा प्रकार निष्क्रिय केला त्यांच्या एनके पेशी नीट पक्व झाल्या नाहीत आणि इंटरफेरॉन-गॅमा, म्हणजे इतर प्रतिकारपेशींना चेतवणारं प्रथिन, कमी बनवू लागल्या. आयएल-१५ हे एनके पेशीला जगवणारं रसायनही आपला निरोप पीआय-३-कायनेज आणि एमटॉर (पेशीची वाढ सांभाळणारं एन्झाइम) यांच्यामार्फतच देतं, त्यामुळे ही वाट पूर्ण बंद करून चालत नाही.

एनके पेशींचे दोन प्रकार ऐकले आहेत. लिपिडचा त्याच्याशी संबंध आहे?

आहे. सीडी-५६ हे प्रथिन काहींवर दाट असतं, काहींवर विरळ. रक्तात बहुसंख्य विरळवाल्या, आणि मारण्यात त्या तरबेज. दाटवाल्या लसिका गाठींत जास्त, त्यांचा भर इंटरफेरॉन-गॅमा सोडण्यावर. दाटवाल्यांत शिप-१ कमी असतं, आणि त्यांचं इंटरफेरॉन सढळ असण्यामागे तेही एक कारण आहे. सूक्ष्म-आरएनए १५५ हा छोटा रेणू शिप-१ची निर्मिती दाबतो, तो वाढला की इंटरफेरॉनही वाढतं.

पेशी शरीरात कुठे जाणार हेही लिपिड ठरवतात?

बऱ्याच अंशी. इथे घराणं बदलतं: स्फिंगोसिन-१-फॉस्फेट. हा लिपिड पेशीच्या आत बनतो पण निरोप बाहेरून देतो. रक्तात तो भरपूर, ऊतींत अगदी कमी. या उतारावर एनके पेशी वास घेत चालते. तिच्याकडे एस१पी-५ नावाचा ग्राही असतो. तो नसलेल्या उंदरांत एनके पेशी अस्थिमज्जेत आणि लसिका गाठींतच अडकून पडतात, रक्तात येत नाहीत.

दोन्ही घराण्यांची गाठ २०१५ मध्ये पडली. एनके पेशींतून पीटेन काढल्यावर त्या स्फिंगोसिन-१-फॉस्फेटच्या हाकेला जरुरीपेक्षा जास्त ओ देऊ लागल्या. रक्तात गर्दी, आणि जिथे हव्यात तिथे तुटवडा.

स्वतःच्याच परफोरिनने एनके पेशी मरत का नाही?

हा माझा आवडता प्रश्न. संधीच्या फटीत दोन्ही पडदे एकमेकांना चिकटलेले, परफोरिन मध्ये सांडलेलं, मग भोकं एकाच बाजूला का?

उत्तर पुन्हा लिपिडमध्ये आहे. मारेकरी पेशीचा पडदा संधीच्या जागी दाटीने रचलेला असतो, रेणू एकमेकांना खेटून बसलेले. परफोरिनला अशा पडद्यात शिरता येत नाही. एनके पेशीत तर पुडक्यांच्या स्वतःच्या पडद्यातले लिपिड अधिकच दाट असतात, आणि पुडकं रिकामं होताना त्याचा पडदा संधीच्या पडद्यात मिसळतो. म्हणजे विष सोडण्याच्या क्षणीच चिलखतही चढतं. जवळच्या नात्यातल्या मारक टी पेशींत आणखी एक सोय दिसली आहे: ऋण भार असलेलं फॉस्फॅटिडिलसेरिन संधीच्या जागी बाहेरच्या बाजूला येतं, आणि आलेलं परफोरिन त्याला चिकटून निकामी होतं.

या वाटांवर औषधं आहेत का?

आहेत, पण ती एनके पेशींसाठी म्हणून आलेली नाहीत. डेल्टा प्रकाराला रोखणारं आयडेलॅलिसिब अमेरिकेत २०१४ मध्ये काही लिम्फोसाइट-कर्करोगांसाठी मंजूर झालं. कर्करोगी बी पेशी दबतात, पण यकृताचा आणि आतड्याचा दाह, गंभीर संसर्ग असे त्रास होतात. लेनिओलिसिब हे त्याच एन्झाइमवरचं औषध २०२३ मध्ये एपीडीएससाठी मंजूर झालं. तिथे तर्क सरळ आहे, जे अतिरेकाने चालू आहे ते खाली आणा.

शिप-१ रोखणारी रसायनं अजून प्रयोगाच्या पातळीवर आहेत. कर्करोग झालेल्या उंदरांत ती थांबून थांबून दिल्यावर एनके आणि टी पेशी दोन्ही जोमाने लढल्या. २०१७ मधलं हे काम. सतत दिली की उलट मंदपणा येतो. वरचा कोडगेपणाचा मुद्दा आठवा. इथे डोस किती याच्याइतकंच मधली सुट्टी किती हे औषधाचा भाग होतं.

कार-एनके उपचारांशी याचा काय संबंध?

कार म्हणजे कर्करोगाची खूण ओळखणारा कृत्रिम ग्राही. त्याची बाहेरची बाजू प्रतिपिंडासारखी, आणि आतली शेपटी आपण निवडायची. ती शेपटी निवडणं म्हणजेच कुठल्या लिपिड वाटा किती जोरात पेटवायच्या ते ठरवणं. नाळेच्या रक्तातल्या एनके पेशींवर सीडी-१९ (बी पेशींवरचं एक प्रथिन) ओळखणारा कार बसवून २०२० मध्ये ११ रुग्णांवर झालेल्या चाचणीत ८ जणांना गुण आला. त्या कारच्या शेपटीत सीडी-२८चा तुकडा होता, जो पीआय-३-कायनेजला बोलावतो, शिवाय पेशी स्वतःच आयएल-१५ बनवत होत्या. त्याचा निरोपही पुन्हा त्याच वाटेवर. डॅप-१० किंवा २बी-४ या एनकेच्या ग्राहीची शेपटी वापरून एनकेच्या मूळ स्वभावाला जवळचे कार बनवण्याचं कामही चालू आहे.

स्थूलपणात एनके पेशी दुबळ्या होतात असं वाचलं. ते याच लिपिडमुळे?

नाही, तो वेगळा मामला. स्थूलपणात एनके पेशीच्या आत साठवणीचे मेद भरतात आणि तिची ऊर्जानिर्मिती बसते. २०१८ मधल्या एका अभ्यासात अशा पेशी सावजाला धरत होत्या, पण विषाची पुडकी संधीपर्यंत पोचतच नव्हती. पेशीतले मेद म्हणून दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात येतात आणि गोंधळ होतो. पहिले निरोप्ये, दुसरे अडगळ.

इनोसिटॉलच्या गोळ्या घेतल्या तर पिप-३ वाढेल का?

कच्चा माल वाढवल्याने खुंट्या वाढत नाहीत. पिप-३ किती बनेल हे ग्राही आणि एन्झाइमं ठरवतात. आणि समजा वाढलाच असता, तरी तो वाढणं चांगलं कसं, हे वरचं वाचून तुम्हीच सांगा.

रक्ततपासणीत एनके पेशी कमी आल्या. घाबरायचं का?

संख्या आणि ताकद या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि संख्या दिवसागणिक हलते. नुसता व्यायाम झाला तरी काही वेळ रक्तातल्या एनके पेशी वाढतात. वारंवार किंवा विचित्र संसर्ग होत असतील तर प्रतिकारशास्त्राच्या डॉक्टरांना दाखवा. एकट्या आकड्यावरून काही ठरवू नका.

हे सगळं मोजतात कसं?

खुंटीवर अडकणाऱ्या प्रथिनाचा तुकडा घेऊन त्याला हिरवं चमकणारं प्रथिन जोडतात. तो पडद्याकडे धावला की पिप-३ उगवलं हे थेट दिसतं. पण एनके पेशींत बाहेरचं जनुक घालणं चिवट काम आहे, म्हणून पुष्कळदा अप्रत्यक्ष मापं घेतात. एकेटीवर ४७३ क्रमांकाच्या सेरीनवर फॉस्फेट बसला का, कॅल्शियमला चमकणारा रंग किती उजळला, आणि पुडकी रिकामी झाली की पेशीच्या अंगावर दिसणारं सीडी-१०७ए किती आलं.

यात वेळ सांभाळणं महत्त्वाचं. एकेटीवरचा फॉस्फेट काही मिनिटांत चढतो आणि उतरतो, त्यामुळे चेतना दिल्यावर ठरल्या क्षणी फॉर्मल्डिहाइड घालून पेशी जागच्या जागी गोठवाव्या लागतात. एकदा शेजारच्या टेबलावर कुणीतरी काही विचारलं, मी मान वळवली, आणि दोन मिनिटांच्या नळ्या पाच मिनिटांच्या झाल्या. आलेख इतका सपाट आला की वाटलं, पेशी मेल्या असाव्यात. पण त्याच पेशींचा दुसरा वाटा सीडी-१०७एसाठी चार तास के-५६२बरोबर ठेवला होता, तो उत्तम उजळला. पेशींनी आपलं काम चोख केलं होतं, मी बघायला पोचेपर्यंत खुंट्या मोडून झाल्या होत्या.